साखर सुटली की निळा रंग

क्लोनिंगचं, म्हणजे जिवाणूत बाहेरचा डीएनए घालून त्याच्या प्रती बनवण्याचं प्रात्यक्षिक केलेल्या प्रत्येकाने ती पेट्री डिश पाहिलेली असते. आगरवर जिवाणूंच्या शेकडो वसाहती, काही निळ्या, काही पांढऱ्या. आपल्याला हव्या असतात पांढऱ्या, कारण बाहेरचा डीएनए त्यांच्यातच शिरलेला असतो. पण खरी गोष्ट निळ्यांची आहे, आणि ती सुरू होते निळीच्या हौदात.

निळीच्या पानात निळा रंग नसतोच. असतं ते इंडिकन, म्हणजे ग्लुकोजला बांधलेलं बिनरंगी इंडॉक्सिल. पानं भिजत घातली की एन्झाइम ती साखर तोडतं. मोकळं झालेलं इंडॉक्सिल हवेतला ऑक्सिजन घेतं, दोन-दोन रेणू जोडले जातात आणि पाण्यात न विरघळणारी नीळ तळाशी बसते. मजूर हौदात उतरून पाणी घुसळत, ते या ऑक्सिजनसाठीच. १९१७ च्या चंपारण लढ्यामुळे निळीचा जुलूम आपण शाळेत शिकतो. त्या हौदातलं रसायनही तिथेच शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

प्रयोगशाळेत मात्र आधी पिवळा रंग आला. १९५० मध्ये जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी ई. कोलाय या जिवाणूमधलं बीटा-गॅलॅक्टोसायडेज, म्हणजे दुधातली साखर तोडणारं एन्झाइम, मोजायला ओएनपीजी वापरलं. हे संयुग बिनरंगी असतं आणि तुटलं की पिवळं होतं. जेवढा पिवळेपणा, तेवढं एन्झाइम. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जाक मोनो आणि फ्रान्स्वा जाकोब यांनी जनुकं चालू-बंद कशी होतात हे उलगडलं, ते याच एन्झाइमच्या आधारे. त्यांना १९६५ चं नोबेल मिळालं. परीक्षानळीत पिवळा रंग उत्तम चालतो. पण तो विरघळून पसरतो, आणि मग कुठल्या पेशीने तो तयार केला हे सांगता येत नाही.

रंग जिथे तयार झाला तिथेच थांबायला हवा, ही गरज ऊतींचे काप तपासणाऱ्यांना सर्वात जास्त होती. १९५१ मध्ये बार्नेट आणि सेलिगमन यांनी इंडॉक्सिलची संयुगं वापरून पेशींतच नीळ तयार करून दाखवली. पुढे एस. जे. होल्ट यांनी इंडॉक्सिलला ब्रोमीन, क्लोरीन जोडून पाहिलं, तेव्हा नीळ लवकर आणि बारीक कणांत बसू लागली. हेच सूत्र घेऊन १९६४ मध्ये डेट्रॉइटच्या जेरोम हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी अशा इंडॉक्सिलला गॅलॅक्टोज ही साखर जोडली. हेच आजचं एक्स-गॅल: बीटा-गॅलॅक्टोसायडेजने ती साखर तोडली की तिथेच नीळ बसते. हॉरविट्झ यांचं संशोधन कर्करोगावरचं. त्याच वर्षी त्यांनी एझेडटी हे संयुगही बनवलं. कर्करोगावर ते चाललं नाही, पण १९८७ मध्ये एचआयव्हीवरचं पहिलं मान्यताप्राप्त औषध ठरलं. एका माणसाच्या कामातून या दोन्ही गोष्टी आल्या, तरी त्याचं नाव विद्यार्थ्यांना माहीत नसतं, याची मला खंत वाटते.

१९६७ मध्ये ॲग्नेस उलमन, जाकोब आणि मोनो यांनी दाखवलं की बीटा-गॅलॅक्टोसायडेजचा तुटका भाग वेगळ्या तुकड्याने भरून काढता येतो. योआखिम मेसिंग यांनी १९७७ मध्ये तो छोटा तुकडा एम१३ या जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूत घातला. त्या तुकड्याच्या जनुकात बाहेरचा डीएनए शिरला की एन्झाइम जुळत नाही, एक्स-गॅल तसंच राहतं आणि पांढरा डाग दिसतो. पुढे प्लास्मिडवरही, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या कड्यांवरही, हीच युक्ती आली. वसाहत जिवंतच असते, टूथपिकने उचलायची आणि वाढवायची.

प्राण्यांच्या पेशींत अडचण आली. तिथे एक्स-गॅल घालण्याआधी पेशी सहसा रसायनाने स्थिर कराव्या लागतात, म्हणजे मारूनच टाकाव्या लागतात. १९९८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांच्या गटाने वेगळं एन्झाइम निवडलं: बीटा-लॅक्टमेज, ज्याच्या जोरावर जिवाणू पेनिसिलिनला दाद देत नाहीत. आपल्या पेशींत ते नसतं, त्यामुळे घोटाळा होत नाही. सीसीएफ२ हे त्यांचं संयुग एस्टरच्या, म्हणजे पेशीच्या आवरणातून पार जाणाऱ्या, रूपात पेशीत शिरतं, आतली एन्झाइमं एस्टर काढून टाकतात आणि ते आतच अडकतं. अखंड असेपर्यंत ते हिरवं चमकतं. बीटा-लॅक्टमेजने तोडलं की त्याच प्रकाशात निळं चमकू लागतं. त्यांनी निळ्या पेशी यंत्राने वेगळ्या केल्या, आणि त्या पुढे वाढत राहिल्या.