आजार आधीच ठाऊक होते, कायदे उशिरा आले

जून २०२२ मध्ये जिनिव्हात भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाच्या जागेला कामगारांच्या मूलभूत हक्कांत स्थान दिलं. संघटना बांधण्याचं स्वातंत्र्य आणि वेठबिगारी, बालमजुरी व भेदभाव यांना बंदी, ही चार तत्त्वं १९९८ पासून त्या यादीत होती. आरोग्याचा नंबर पाचवा लागला, तोही ही परिषद भरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या स्थापनेनंतर १०३ वर्षांनी. हा उशीर वैद्यकीय अज्ञानामुळे झाला नाही. कामामुळे माणूस कसा आजारी पडतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होतं.

इटलीतल्या मोदेनाचे डॉक्टर बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये कारागिरांच्या आजारांवर लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचं निमित्त त्यांच्याच घरी घडलं. शौचकूप उपसणारा माणूस जीव तोडून घाई करत होता. एवढी घाई कशाला, असं विचारल्यावर त्याने मान वर करून सांगितलं की इथे चार तासांहून जास्त थांबलं तर डोळे जातात. रामाझिनींनी त्याचे डोळे तपासले. ते लाल आणि निस्तेज झाले होते. मग त्यांना गावातले, हेच काम करून दृष्टी गमावलेले भिकारीही दिसू लागले. रोग्याला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली: तुम्ही काम काय करता? आजही अनेक दवाखान्यांत हा प्रश्न विचारायचा राहून जातो आणि कामाच्या जागी जडलेल्या दम्यावर साधा खोकला म्हणून वर्षानुवर्षं औषधं दिली जातात.

१७७५ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. धुराड्यात उतरवलेल्या लहान मुलांच्या कातडीच्या घड्यांत ती काजळी साचून राहायची. एवढं कळूनही इंग्लंडमध्ये मुलांना धुराड्यात चढवण्याची प्रथा आणखी शंभर वर्षं टिकली.

माहिती असणं आणि ती अमलात येणं यांतलं अंतर काडेपेटीच्या धंद्यात सगळ्यात उघडं पडतं. काडीच्या गुलात पांढरा फॉस्फरस असायचा. त्याची वाफ रोज श्वासात जायची. आधी दात दुखायचा, मग हिरडी सुजायची, पू व्हायचा आणि जबड्याचं हाड सडायचं. तोंडाला इतकी दुर्गंधी यायची की घरचेही जवळ बसत नसत. व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी १८४५ मध्ये या रोगाची नोंद केली. जवळपास त्याच काळात निरुपद्रवी तांबडा फॉस्फरस हाती आला आणि त्यावर चालणारी सुरक्षित काडीही स्वीडनमध्ये बनू लागली. पर्याय समोर होता, पण पांढरा फॉस्फरस स्वस्त पडत होता आणि त्याची काडी कुठेही घासली तरी पेटत होती. १८८८ मध्ये लंडनच्या एका काडेपेटी कारखान्यातल्या सुमारे १,४०० बायका-मुली संपावर गेल्या. त्यांची कैफियत वर्तमानपत्रातून मांडणाऱ्या ॲनी बेझंट म्हणजे पुढे आपल्याकडे होमरूल चळवळ उभारणाऱ्याच बेझंटबाई. पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार बर्नमध्ये झाला तो १९०६ साली. पहिल्या नोंदीनंतर ६१ वर्षं गेली होती.

याच काळात टॉमस लेग यांचं काम सुरू झालं. १८९८ मध्ये ते ब्रिटनचे पहिले वैद्यकीय कारखाना निरीक्षक झाले आणि शिशाच्या विषबाधेचा त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मालकाने करण्यासारखं सगळं केल्याशिवाय कामगार स्वतःला वाचवायला जवळजवळ काहीच करू शकत नाही, हे त्यांचं ठाम म्हणणं होतं. माझ्या मते या विषयावर याहून नेमकं कुणी बोललेलं नाही. आधी घातक पदार्थ बदला, ते जमत नसेल तर यंत्र बंदिस्त करा, वाफ आणि धूळ उगमापाशीच ओढून घ्या, आणि मास्क सगळ्यात शेवटी: आजच्या सुरक्षाशास्त्राचा हा क्रम त्याच विचारातला आहे. घरातल्या रंगकामात पांढऱ्या शिशाला, म्हणजे शिशापासून बनणाऱ्या पांढऱ्या रंगद्रव्याला, बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९२१ मध्ये झाला, पण ब्रिटिश सरकारने तो मान्य करायला नकार दिला. तेव्हा, १९२६ मध्ये, लेग यांनी पदाचा राजीनामा दिला.

दगडाच्या धुळीची कथा याहून लांबलचक आहे. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाका-घशात अडकते. खरा घात करतात ते दगडातल्या सिलिका या खनिजाचे अतिसूक्ष्म कण. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. त्यांना गिळायला आलेल्या संरक्षक पेशी स्वतःच मरतात, जागोजागी घट्ट व्रण तयार होतात आणि माणसाला चार पावलं चालतानाही धाप लागते. फुप्फुस पूर्ववत करणारं औषध नाही. शिवाय अशा फुप्फुसात क्षयरोग सहज घर करतो. उपाय तसा साधा आहे: छिद्र पाडताना पाणी सोडायचं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्ट बोगद्यात १९३०-३१ मध्ये कोरडंच खोदकाम झालं, कारण त्याने काम भराभर उरकत होतं. मजूर बहुतांशी स्थलांतरित कृष्णवर्णीय होते. तिथल्या बळींचे आकडे शेकड्यांत सांगितले जातात.

ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचंही तेच झालं. १९३० च्या ब्रिटिश सरकारी पाहणीत तपासलेल्या दर चार कामगारांमागे एकाच्या फुप्फुसात व्रण आढळले. पुढच्याच वर्षी नियम आले, संपूर्ण बंदी मात्र १९९९ मध्ये. इथे आजार उमटायला वीस ते चाळीस वर्षं लागतात. तोवर कारखाना बंद पडलेला असतो, हजेरीची कागदपत्रं हरवलेली असतात आणि हा आजार त्या कामामुळेच झाला हे सिद्ध करण्याचा भार दम लागलेल्या माणसावर येतो. भरपाईसाठीचा १९२५ चा आंतरराष्ट्रीय करार तर फक्त तीन आजार मानत होता: शिशाची विषबाधा, पाऱ्याची विषबाधा आणि अँथ्रॅक्स. सिलिकोसिसचा, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा, समावेश १९३४ मध्ये झाला. मानसिक विकार २०१० च्या यादीत आले.

दरम्यान सिलिका नव्या रूपात परतली. स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडात तिचं प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर असू शकतं, आणि तो कापणारे तरुण कामगार थोड्याच वर्षांत सिलिकोसिसने खचू लागले. ऑस्ट्रेलियाने आधी पाण्याचे फवारे आणि मास्क यांचे नियम करून पाहिले. १ जुलै २०२४ पासून तिथे असा दगड बनवणं, पुरवणं आणि बसवणं यांवरच बंदी आहे.