रुसिन भाषा शिकायला प्रेशोवला जायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि व्हिसाचा क्रम

रुसिन शिकायला नेमकं कुठल्या देशात जायचं, हे अर्जाला हात घालण्याआधीच ठरवावं लागतं, कारण रुसिनांना स्वतःचा देश नाही. कार्पाथियन डोंगरांच्या दोन्ही उतारांवर राहणारा हा पूर्व स्लाव समाज आज स्लोव्हाकिया, पोलंड, युक्रेनचा झाकारपात्त्या प्रांत, हंगेरी आणि रोमानियात विखुरलेला आहे. अठराव्या शतकात दक्षिणेकडच्या सपाटीवर जाऊन वसलेली त्यांची एक शाखा सर्बियाच्या वोयवोदिना प्रांतात आहे. पोलंडमधल्यांना लेम्को म्हणतात. भाषेचं प्रमाणरूपही एक नाही. स्लोव्हाकियातलं १९९५ साली ठरलं, तर वोयवोदिनातल्या बोलीचं पहिलं व्याकरण १९२३ सालचं आहे. तेव्हा 'रुसिन शिकायचंय' एवढं मनात असून भागत नाही. कुठली रुसिन हे ठरलं की देश ठरतो, देश ठरला की दूतावास ठरतो.

भारतीय पासपोर्टवर निघणाऱ्या नवख्या माणसाला माझा सल्ला सरळ आहे: सुरुवात स्लोव्हाकियातल्या प्रेशोवपासून करा. तिथल्या विद्यापीठात रुसिन भाषा आणि संस्कृतीची स्वतंत्र संस्था आहे. ही संस्था २०१० पासून 'स्टुडियम कार्पाटो-रुथेनोरम' नावाची आंतरराष्ट्रीय उन्हाळी शाळा भरवत आली आहे. तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम, साधारण जून महिन्यात. सकाळी भाषेचे तास, मग इतिहास आणि लोकसंस्कृतीवरची व्याख्यानं, अधूनमधून गाणी-नाच आणि लाकडी चर्च बघायला सहली. इतिहासाची व्याख्यानं रुसिनमधून असतात तशी इंग्रजीतूनही असतात, त्यामुळे पाटी कोरी असली तरी अडत नाही.

पात्रता: रक्ताचं नातं लागत नाही

अमेरिका आणि कॅनडातून येणाऱ्यांपैकी बरेच जण पणजोबांचं गाव शोधत आलेले असतात. त्यामुळे हा वर्ग फक्त वंशजांसाठी आहे असा समज होतो. तसं काही नाही. भाषाविज्ञानाचा विद्यार्थी, लोकसंगीताचा अभ्यासक, अनुवादक, कुणीही अर्ज करू शकतो. इंग्रजी बऱ्यापैकी हवं. रुसिन सिरिलिक लिपीत लिहितात, त्यामुळे अक्षरओळख घरूनच करून गेलेलं बरं. रशियन शिकलेल्याला बरीचशी अक्षरं ओळखीची वाटतील, पण 'मला येतंच' या भ्रमात राहू नये. रुसिनमध्ये रशियनला नसलेली काही अक्षरं आहेत आणि रशियन उच्चार तिथे लगेच खटकतात.

शाळेचा अर्ज सोपा आहे: वैयक्तिक माहिती, शिक्षण, भाषेची सध्याची पातळी, आणि का शिकायचंय याचा एखादा परिच्छेद. शुल्क, राहण्याचा खर्च आणि मुदत त्या-त्या वर्षीच्या सूचनेत दिलेली असते. दरवर्षी शाळा भरेलच असं गृहीत धरून तिकीट काढू नका. आधी त्या वर्षीची सूचना, मग अर्ज, मग प्रवेशपत्र. प्रवेशपत्र हातात पडेपर्यंत विमान कंपनीला एक रुपयाही देऊ नये.

प्रवेशपत्रावरचं नाव

आपल्याकडच्या अर्जदारांचं घोडं इथेच अडतं. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि स्वतःचं व वडिलांचं नाव एकाच रकान्यात. अर्जात माणूस रोजच्या सवयीने नुसतं नाव-आडनाव लिहून मोकळा होतो. प्रवेशपत्रही तसंच येतं, आणि व्हिसाच्या फाइलमध्ये एकाच माणसाची तीन नावं दिसतात. शाळेच्या अर्जात नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच लिहा, वडिलांच्या नावासकट. पत्रावर जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, अभ्यासक्रमाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवसाच्या तारखा आणि राहण्याच्या जागेचा पत्ता एवढं असायलाच हवं. काही राहिलं असेल तर दुरुस्त पत्र लगेच मागून घ्या. विद्यापीठं ते देतात, फक्त मागायला उशीर करू नये.

शेंगेन व्हिसा

तीन आठवड्यांसाठी अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा पुरतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून एकच चालतो तो व्हिसा. प्रेशोव स्लोव्हाकियाच्या पूर्व टोकाला, कोशित्सेच्या जवळ आहे. त्यामुळे बरेच जण व्हिएन्ना, बुडापेस्ट किंवा क्राकोव्हला उतरून पुढे रेल्वेने जातात. उतरणार व्हिएन्नाला म्हणून ऑस्ट्रियाकडे अर्ज करायचा नाही. जिथे मुक्काम सर्वात जास्त, अर्ज त्या देशाकडे. इथे तो देश स्लोव्हाकिया.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर घेत नाहीत. निर्णयाला नियमाने पंधरा दिवस लागतात, पण अडलं तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत जाऊ शकतं. जूनची शाळा असेल तर मार्च-एप्रिलमध्येच फाइल तयार असावी. मे महिन्यात अर्ध्या महाराष्ट्राला युरोप बघायचा असतो आणि बोटांचे ठसे द्यायची वेळ मिळता मिळत नाही.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. सोबत भरलेला अर्ज, फोटो, प्रवेशपत्र, शुल्क भरल्याची पावती, राहण्याची सोय दाखवणारं पत्र, जाण्यायेण्याचं आरक्षण, किमान ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा, बँकेचं अलीकडच्या महिन्यांचं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्र. खर्च आईवडील करणार असतील तर त्यांचं हमीपत्र, त्यांचीच बँकेची कागदपत्रं आणि नातं दाखवणारा जन्मदाखला जोडा. नोकरदारांनी रजा मंजूर झाल्याचं पत्र जोडावं. खात्यात शेवटच्या आठवड्यात अचानक दोन लाख आले असतील तर ते कुठून आले याचा कागदही लावा, नाहीतर ते पैसे उसने आणले असाच अर्थ काढला जातो.

विद्यार्थी असाल तर कॉलेजचं बोनाफाइड विसरू नका, त्याला इथे रोख किंमत आहे. शेंगेनचं शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे, पण अभ्यास किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे शाळा-कॉलेजचे विद्यार्थी, पदव्युत्तर विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना ते माफ आहे. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क मात्र द्यावं लागतं. ही माफी खिडकीवर कुणी आपणहून सांगेल याची वाट पाहू नका, बोनाफाइड वर ठेवून स्वतः मागा. आणि अर्जात प्रवासाच्या हेतूचे बरेच चौकोन असतात, त्यात 'पर्यटन'ही असतं, 'सांस्कृतिक'ही असतं. खूण 'अभ्यास' या चौकोनातच करा, कारण माफी त्यावर अवलंबून आहे आणि प्रवेशपत्रही तेच सांगतं.

सोबतच्या पत्राकडे लोक दुर्लक्ष करतात. खिडकीपलीकडच्या माणसाला पुण्याचा किंवा पणजीचा कुणी रुसिन शिकायला का निघाला, हा प्रश्न पडणारच. चार वाक्यांत उत्तर द्या: मी काय शिकतो, रुसिनचा त्याच्याशी संबंध काय, अभ्यासक्रम कधी संपतो, आणि परत येऊन मी कुठे रुजू होणार. 'मला लहानपणापासून युरोपचं आकर्षण आहे' छापाचं वाक्य शेजारच्या काकांना दाखवायला ठीक आहे, फाइलमध्ये नको.

सर्बियाला जोडून जायचं असेल तर

वोयवोदिनात रुसिन ही प्रांताच्या अधिकृत भाषांपैकी एक आहे. रुस्की केरेस्तुर गावात रुसिन माध्यमाची माध्यमिक शाळा आहे आणि नोवी साद विद्यापीठात रुसिनचा विभाग. प्रेशोवपर्यंत गेलेल्या माणसाला हे खुणावतंच. सर्बिया शेंगेनमध्ये नाही, आणि भारतीयांना तिथे व्हिसाशिवाय मिळणारा प्रवेश जानेवारी २०२३ पासून बंद झाला. पण चालू शेंगेन व्हिसा असेल तर त्याच्या मुदतीत सर्बियात वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येतं. मेख परतीत आहे. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तर सर्बियात शिरताच शेंगेनचं दार बंद होतं आणि परतीचं विमान व्हिएन्नाहून असेल तर पंचाईत होते. म्हणून अर्जातच एकापेक्षा जास्त प्रवेश मागा आणि सर्बियाचा बेत सोबतच्या पत्रात लिहा.

पूर्ण पदवीसाठी सर्बियाकडे वळायचं असेल, तर अलिप्ततावादी चळवळीतल्या देशांच्या नागरिकांसाठी सर्बिया सरकारची 'सर्बियातील जग' ही शिष्यवृत्ती आहे. १९६१ च्या बेलग्रेड परिषदेची ही आपल्याला मिळालेली पुण्याई म्हणा. त्यात आधी सर्बियन भाषेचं वर्ष असतं.

स्लोव्हाकियात एखादं सत्र किंवा संशोधनासाठी काही महिने राहायचं असेल तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती कार्यक्रमाकडे बघा. त्याच्या मुदती साधारण एप्रिलअखेर आणि ऑक्टोबरअखेर असतात आणि यजमान संस्थेचं स्वीकृतिपत्र लागतं. नव्वद दिवसांच्या वर राहायचं म्हटलं की अभ्यासासाठीचा तात्पुरता निवासपरवाना आला. त्याबरोबर पोलीस पडताळणीचा दाखला, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा) आणि मग स्लोव्हाक भाषेतलं अधिकृत भाषांतर. क्रम हाच ठेवा. भाषांतर आधी केलं तर शिक्क्याचं भाषांतर राहून जातं आणि पैसे दोनदा जातात.

वंशजांसाठी वेगळी वाट

अमेरिकेतल्या मराठी घरात सून किंवा जावई रुसिन वंशाचा असेल तर त्यांच्यासाठी आणखी एक दार आहे. एप्रिल २०२२ पासून स्लोव्हाकियाच्या कायद्याने आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कुणी आजच्या स्लोव्हाकियाच्या भूमीवर जन्मलेलं आणि चेकोस्लोव्हाक नागरिक असेल, तर वंशजाला नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. तो पूर्वज रुसिन होता की स्लोव्हाक, हे यात विचारत नाहीत. खरी अडचण तारखेची आहे. अमेरिकेतल्या रुसिनांचे बहुतेक पूर्वज पहिल्या महायुद्धाआधी, म्हणजे हंगेरीच्या राजाची प्रजा म्हणून गेले. चेकोस्लोव्हाकिया जन्मला १९१८ च्या ऑक्टोबरात. त्यामुळे पूर्वज कधी निघाला, कधी दुसऱ्या देशाचा नागरिक झाला, हे आधी तपासा. अर्ज करताना स्लोव्हाकियातला निवासपरवाना हातात हवा. तो मिळवायला 'परदेशस्थ स्लोव्हाक' प्रमाणपत्राचा उपयोग होतो. ते साधारण परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या आपल्या ओसीआय कार्डासारखं आहे: राहायला-कामाला मोकळीक, मतदान नाही.

पुराव्यांचा शोध गावाच्या नावापासून सुरू होतो. हंगेरियन राजवटीत मेद्झिलाबोर्त्सेचं नाव मेझोलाबोर्त्स होतं, तसं बऱ्याच गावांचं आहे. सरकारी जन्मनोंद ऑक्टोबर १८९५ पासूनची, त्याआधीचं सगळं ग्रीक-कॅथलिक चर्चच्या वह्यांत. तिथे घरातला वासिल लॅटिनमध्ये बासिलिउस होतो आणि अमेरिकेत उतरल्यावर कधी विल्यम. हाच तो माणूस, हे दाखवायला जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले साखळीने जोडावे लागतात.

पोहोचल्यावर

स्लोव्हाकियात पोहोचल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत परदेशी पोलिसांकडे मुक्कामाची नोंद व्हावी लागते. वसतिगृहात किंवा हॉटेलात उतरलात तर ती नोंद तेच करतात, पण केली का हे विचारा. कुणाच्या घरी पाहुणे म्हणून उतरलात तर ते काम तुमचं.

एक नाजूक बाबही ध्यानात असू द्या. युक्रेन रुसिनांना वेगळं राष्ट्रीयत्व (म्हणजे वांशिक ओळख, नागरिकत्व नव्हे) मानत नाही. स्लोव्हाकिया आणि पोलंडमध्येही काही रुसिन आणि लेम्को स्वतःला युक्रेनियन समजतात, त्यांच्या संस्था आणि संग्रहालयंही वेगळी आहेत. स्लोव्हाकियाच्या २०२१ च्या जनगणनेत २३,७४६ जणांनी पहिलं राष्ट्रीयत्व रुसिन लिहिलं. दुसरं राष्ट्रीयत्व लिहायची सोय तेव्हाच प्रथम झाली, त्या रकान्यात आणखी सुमारे ४० हजार निघाले. हा वाद पाहुण्याने सोडवायचा नसतो. समोरचा स्वतःला जे म्हणवतो तेच आपण म्हणावं. खेड्यातल्या म्हाताऱ्यांनी 'स्लावा इसुसु ख्रिस्तु' (येशू ख्रिस्ताचा जयजयकार) म्हटलं तर 'स्लावा ना विकी' (सदैव जयजयकार) हे उत्तर पाठ असलेलं बरं.

निघण्याआधी प्रमाणपत्रासोबत शिकवलेल्या तासांचा आणि विषयांचा सही-शिक्क्याचा तपशील मागून घ्या. आपल्या विद्यापीठात श्रेयांक मिळवायचे तर नुसत्या प्रमाणपत्रावर भागत नाही. आणि हे शेवटच्या आठवड्यातच करा, कारण जुलैत तिकडची कार्यालयं सुट्टीवर जातात आणि ईमेलला सप्टेंबरपर्यंत उत्तर येत नाही.