माया लोक गडप झालेच नव्हते

ग्वाटेमालाच्या जंगलातलं तिकाल हे प्राचीन शहर पाहून आलेले कितीतरी पर्यटक सांगतात, की माया लोक, म्हणजे मध्य अमेरिकेतले मूळ रहिवासी, एवढं शहर टाकून एकाएकी गडप झाले. हे साफ चूक आहे.

तिकाल रिकामं झालं, पण हळूहळू. तिथल्या शेवटच्या कोरीव शिलास्तंभावर इ.स. ८६९ची तारीख आहे. त्याआधीपासून राज्याराज्यांतल्या लढाया आणि दुष्काळ सुरू होते. मुख्य म्हणजे तिकालला नदीच नाही! सगळी भिस्त साठवलेल्या पावसावर. तलाव आटल्यावर हजारोंची वस्ती जगणार कशी? लोक उठले, दुसरीकडे जाऊन राहिले. उत्तरेकडचं चिचेन इत्सा हे माया शहर तर पुढेही भरभराटीत होतं. आणि तिकालपासून फार लांब नसलेल्या पेतेन इत्सा तळ्यातली नोहपेतेन ही माया राजधानी स्पॅनिश फौजांच्या हाती पडली ती थेट १६९७मध्ये.

आज लाखो माया लोक मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझमध्ये राहतात, सुमारे ३० माया भाषा बोलतात. १९९२चं शांततेचं नोबेल मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू किचे या माया गटातल्याच आहेत. जिवंत माणसांना ‘लुप्त’ म्हणणं मला फार खटकतं. तिकालच्या मुख्य चौकात कोपालचा (झाडाच्या सुगंधी डिंकाचा) धूप जळताना दिसला, तर थोडं बाजूला उभे राहा. तिथे पूजा चालू असते.