गिटहबवर कोड दिसला म्हणून ओपन सोर्स झालं का?

'हे टूल ओपन सोर्स आहे ना रे?' असं टीममध्ये कोणी विचारलं की उत्तर म्हणून गिटहबची (कोड ठेवायच्या वेबसाइटची) लिंक येते आणि विषय तिथेच मिटतो. पण कोड सगळ्यांना वाचता येतोय म्हणजे तो झाला फक्त सोर्स अव्हेलेबल, आणि गोची अशी की रोजच्या कामात दोन्हीतला फरक जाणवतच नाही. रेपो (म्हणजे सगळा कोड) क्लोन करून उतरवून घ्या, बग सापडला तर पॅच मारा, आपल्या सर्व्हरवर चालवा, सहसा कोणी अडवत नाही.

अडवतात ते तुम्ही त्याच्यावर धंदा मांडलात की. ओपन सोर्स कशाला म्हणायचं याची व्याख्या सांभाळणारी संस्था म्हणजे ओपन सोर्स इनिशिएटिव्ह; तिच्या व्याख्येत दहा मुद्दे आहेत, त्यातला सहावा सरळ सांगतो की सॉफ्टवेअर कुठल्या कामासाठी वापरायचं यावर बंधन घालायचं नाही. म्हणजे मूळ कंपनीचाच डेटाबेस होस्ट करून तिच्याच गिऱ्हाइकांना विकलात तरी चालतं. ॲमेझॉनसारख्या क्लाउडवाल्यांनी तेच केलं आणि मग कंपन्या बिथरल्या. तसं त्यांचं दुखणं खोटं नाही म्हणा.

मोंगोडीबी या डेटाबेसवाल्या कंपनीने २०१८ मध्ये एसएसपीएल हे नवं लायसन्स आणलं: आमचा डेटाबेस सेवा म्हणून विकायचाय? खुशाल विका, पण मग बॅकअप, मॉनिटरिंग, युजर इंटरफेस, जे जे लागतं त्या सगळ्याचा कोड याच लायसन्सखाली खुला करा. कोण करणार? हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मला (सर्व्हर वगैरे कोड लिहून उभे करायचं टूल) बीएसएल हे सोर्स अव्हेलेबल लायसन्स लावलं, त्याची फाइल एकदा उघडून बघाच. 'ॲडिशनल युज ग्रँट'मध्ये लिहिलंय की प्रॉडक्शनमध्ये वापरा, फक्त आमच्याशी स्पर्धा करणारं काही विकू नका, आणि 'चेंज डेट' म्हणते की प्रत्येक आवृत्ती चार वर्षांनी एमपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली जाईल. चार वर्षं जुनं टेराफॉर्म घेऊन करायचं काय हा प्रश्न आहेच, पण खरा घोळ 'स्पर्धा' या शब्दात आहे, कारण आज तुमचं प्रॉडक्ट स्पर्धक नसेल आणि उद्या त्या कंपनीनेच तसलं फीचर काढलं तर? म्हणून तर दीड महिन्याच्या आत टेराफॉर्मचा ओपनटोफू हा फोर्क (जुन्या कोडवरून काढलेला वेगळा प्रकल्प) ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या लिनक्स फाउंडेशनकडे गेला.

रेडिस या डेटाबेसची तर वेगळीच गंमत. व्हर्जन ७.२ पर्यंत बीएसडी लायसन्स, म्हणजे ओपन सोर्स. मार्च २०२४ मध्ये लायसन्स बदललं, त्यामुळे ७.४ सोर्स अव्हेलेबल. आठवड्याभरात व्हॅल्की नावाचा फोर्क निघाला, आणि मे २०२५ मध्ये रेडिस ८ ला एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय मिळाल्यावर ते पुन्हा ओपन सोर्स. तेव्हा 'रेडिस ओपन सोर्स आहे का' असं कोणी विचारलं तर आधी व्हर्जन विचारा.

एआयवाल्यांनी तर कहरच केलाय. मेटा आपल्या लामा या एआय मॉडेलला बिनधास्त ओपन सोर्स म्हणते, पण लामा ३ च्या लायसन्समध्ये अट आहे की ते मॉडेल आलं तेव्हा तुमचे महिन्याला ७० कोटींपेक्षा जास्त वापरकर्ते असतील तर मेटाची वेगळी परवानगी लागेल. तुमच्या-माझ्या स्टार्टअपला याने काडीचा फरक पडत नाही, पण अट ती अटच.

नवीन डिपेंडन्सी (आपलं सॉफ्टवेअर ज्यावर अवलंबून राहणार तो दुसऱ्याचा कोड) घेताना लायसन्ससोबत कॉपीराइट आणि लायसन्स बदलायचा हक्क कोणाकडे आहे तेही बघा. हॅशिकॉर्प बाहेरून कोड देणाऱ्या कॉन्ट्रिब्युटरकडून सीएलएवर (त्या कोडचे हक्क कंपनीला देणाऱ्या करारावर) सही घ्यायची, त्यामुळे लायसन्स बदलायला कोणाला विचारावं लागलं नाही. लिनक्स कर्नलचा (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा) कॉपीराइट हजारो लोकांत विखुरलाय, तिथे असलं काही करायचं तर सह्या गोळा करण्यातच जन्म जाईल.