२,१४,७४,८३,६४७ : मूळ संख्या आणि संगणकाची वेस

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. २ चा ३१ वा घात काढून त्यातून १ वजा केला की ही संख्या मिळते. ती मूळ आहे, पण ते सिद्ध व्हायला पावणेदोनशेच्या वर वर्षं गेली.

२ च्या १७ व्या आणि १९ व्या घातातून १ वजा केला तरी मूळ संख्या मिळते, याची खात्री इटलीच्या कताल्दी या गणितज्ञाने १५८८ मध्ये केली. २३, २९, ३१ आणि ३७ हेही मूळ संख्या देतात, असं त्याने ठोकून दिलं. चारांतले तीन चुकले. २३ व्या घाताच्या संख्येला तर ४७ नेच भाग जातो. मर्सेन या फ्रेंच अभ्यासकाने १६४४ मध्ये अशा घातांची यादी दिली, तीतही ३१ होता, पण त्याच यादीतले ६७ आणि २५७ पुढे खोटे निघाले.

१७७२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरने हे प्रकरण निकाली काढलं. या संख्येचं वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित वर आहे. तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागायचं तर पावणेपाच हजारांवर भागाकार होतात. मात्र हिला भाग जाणारी कोणतीही मूळ संख्या २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवूनच यावी लागते. या चाळणीतून ३७२ च आकडे उरतात, आणि त्यांतलेही २४९, ४९७ असे बरेच मूळ नसल्याने गळतात. पहिली खरी उमेदवार ३११, दुसरी थेट १३०३.

३११ ची तपासणी खेड्यातल्या झेडपी शाळेतही फळ्यावर होते. २ चा ८ वा घात २५६, ३११ ला ५५ कमी, म्हणजे बाकी उणे ५५. त्याचा वर्ग ३०२५, बाकी उणे ८५. पुन्हा वर्ग ७२२५, बाकी ७२. हा ३२ वा घात झाला. निम्मे केले की ३१ व्याची बाकी ३६, एक वजा करून ३५. भाग जात नाही. पोरं चुकतात ती उणे चिन्हापाशी.

ऑयलरनंतर कित्येक दशकं माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या हीच होती.

संगणकातली तिची ख्याती निराळी, आणि मूळ असण्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. संगणकात संख्या बऱ्याचदा ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ लिहायच्या ३२ जागांत, ठेवतात. त्यांतला एक बिट अधिक-उणे चिन्हाकडे जातो. उरलेल्या ३१ जागी १ भरले की हीच संख्या होते. जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद असेच मोजतात. ही मोजणी १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळी ८:४४:०७ वाजता भरते. वऱ्हाडात तेव्हा तुरीच्या मळणीचे दिवस असतील. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होतो आणि तारीख डिसेंबर १९०१ ची दिसते.

झळ मात्र त्याआधीच लागू शकते. आज घर बांधायला १५ वर्षांचं कर्ज काढलं, तर शेवटचा हप्ता २०३८ ओलांडतो. गावच्या सेवा सहकारी सोसायटीत किंवा जिनिंगच्या वजनकाट्यावर जुनं सॉफ्टवेअर असेल, तर घड्याळ पुढे करून बघावं, पण दप्तराची वेगळी प्रत घेऊन, दुसऱ्या संगणकावर. चालू दप्तरात १९०१ ची नोंद एकदा जतन झाली की थकबाकीचे दिवस शंभरावर वर्षांचे धरले जातात आणि व्याजही तसंच लागतं.