ड्रॉइंगचा क्लास आणि आर्ट थेरपी: गल्लत नेमकी कुठे होते

जळगाव-धुळ्याकडे हल्ली मुलांच्या शिबिराच्या बॅनरवर ‘आर्ट थेरपी’, म्हणजे कलेच्या मदतीने मानसोपचार, असं लिहायची टूम निघाली आहे. आत जाऊन बघावं तर तीच चित्रकला स्पर्धा: विषय ‘माझे कुटुंब’, वेळ एक तास, शेवटी पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस. ज्याच्या घरात नुकतीच आत्महत्या झाली, त्या पोराला ‘माझे कुटुंब’ काढायला बसवून वर नंबर काढायचे, याला उपचार म्हणतात तेव्हा डोकं फिरतं.

ड्रॉइंगचा क्लास सगळ्यांना ठाऊक आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, दहावीला वाढीव गुण. तिथे चित्र चांगलं यावं लागतं, एवढं पुरे.

साहित्य दोन्हीकडे तेच, रंग, कागद, माती. खोली लहान की मोठी, मुलं चार की एक, यानेही फार बिघडत नाही. फरक पडतो तो मुलाने काही अवघड काढलं की समोरचा मोठा माणूस काय करतो, इथे.

समजा, एका मुलीने अख्खं पान काळ्या खडूने खरडून भरलं. क्लासमधले सर म्हणतील, ‘अगं, आकाश निळं कर.’ दोन दिवसांचं प्रमाणपत्र घेतलेले ताई-दादा आईला बाजूला घेऊन सांगतील, ‘काळा रंग म्हणजे नैराश्य.’ दुसरा प्रकार जास्त घातक. रंगांचा असा शब्दकोश कुठेही नाही. कदाचित काळाच खडू हाताशी आला असेल. प्रशिक्षित माणूस घाई करत नाही. ‘खूप दाबून काढलंस’ एवढं, दिसतं तेवढंच बोलतो. सांगायचं की नाही, हे मुलगी ठरवते. तिला कागद फाडायचा असेल तर फाडू देतो. आणि तास संपायच्या आधी तिला सावरायला वेळ ठेवतो: माती मळणं, पाय जमिनीवर टेकवून सावकाश श्वास. आठवण ढवळून मुलाला तसंच घरी धाडणं म्हणजे नवी जखम. चित्र फायलीत जातं, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर नाही.

चित्र हा पुरावाही नसतो. मात्र मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘गुप्तता’ म्हणून ते दडपता येत नाही, आणि खोदून खोदून विचारणं हेही थेरपिस्टचं काम नव्हे.

गल्लतीचं मूळ जुनं आहे. १९४२ साली ‘आर्ट थेरपी’ हा शब्द रूढ करणारे एड्रियन हिल स्वतः चित्रकार. क्षयातून बरे होताना चित्रांनी त्यांना तारलं. मानसोपचाराशी त्याची नीट सांगड पुढे अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग यांनी घातली. आपल्याकडे अजून पहिलाच, चित्र काढलं की बरं वाटतं एवढाच, अर्थ चालतो.

प्ले थेरपी, नाट्य, नृत्य यांनाही हीच कसोटी लावा.

नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे याची खरी गरज दिसते. घरी पावरी किंवा भिली या आदिवासी भाषा, शाळेत मराठी. भेदरलेलं पोर समुपदेशकाशी कुठल्या भाषेत बोलणार? हातात माती असली की निदान बोलण्याची सक्ती राहत नाही. पण एकट्या चित्रांवर भिस्त ठेवू नये. मुलांच्या आघातासाठी सर्वांत भक्कम पुरावा आघात-केंद्रित सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या संवादी उपचाराचा आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेची २०१८ची मार्गदर्शिकाही आधी तेच सुचवते. या सीबीटीतही मूल आपली गोष्ट चित्रांतून मांडू शकतं.

माझं मत विचाराल तर खोट्या थेरपीपेक्षा खरा हस्तकलेचा वर्ग कधीही बरा. भाद्रपदात पोरींनी गुलाबाईची गाणी म्हणावीत, खाऊ ओळखावा, हसावं. त्याने मन हलकं होतं. त्याला थेरपीचं लेबल कशाला? मात्र पोर रात्री दचकून उठत असेल, बोलेनासं झालं असेल, तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तोवर शिबिरवाल्यांना एवढंच विचारा: चित्रं नंतर कुठे जातात? ‘प्रदर्शनात’ असं उत्तर आलं, तर तो ड्रॉइंगचा क्लास आहे.