पृथ्वीचं फिरणं आणि हार्ड डिस्कचं आयुष्य: कोरिऑलिस कुठे, जायरोस्कोप कुठे

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेते आणि तिच्याखालची पृथ्वी दिवसाला एक. दोन फिरणाऱ्या वस्तू एकमेकींना जोडलेल्या असल्या की त्यांच्यात ओढाताण होणारच, हा तर्क चुकीचा नाही. म्हणून प्रश्न पडतो की पृथ्वीच्या फिरण्याने डिस्कचं बेअरिंग, म्हणजे तबकडीचा आस ज्यात फिरतो तो आधार, झिजतं का? डिस्क आडवी ठेवावी की उभी, पूर्व-पश्चिम की उत्तर-दक्षिण? दक्षिण गोलार्धात ती उलट्या बाजूने झिजेल का?

या चर्चेत दोन गोष्टींची सरमिसळ होते. एक कोरिऑलिस परिणाम, दुसरा जायरोस्कोपिक परिणाम. मूळ दोन्हींचं एकच असलं तरी डिस्कच्या बाबतीत त्यांची कामं अगदी वेगळी आहेत, आणि गोलार्धाचा प्रश्न एकाचा असताना उत्तर दुसऱ्याचं दिलं जातं.

आधी कोरिऑलिस. फिरत्या पृथ्वीवर उभं राहून एखादी हलती वस्तू पाहिली की ती सरळ न जाता किंचित बाजूला वळताना दिसते. हे वळणं वस्तूच्या वेगावर आणि पृथ्वीच्या फिरण्याच्या दरावर अवलंबून असतं. हा दर फारच मंद आहे: तासाला १५ अंश. साडेतीन इंची डिस्कमधली तबकडी सुमारे ९५ मिलिमीटर व्यासाची असते. ७,२०० फेऱ्यांना तिच्या काठाचा वेग सेकंदाला ३६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटर होतो. इतक्या वेगावर कोरिऑलिसचं त्वरण जास्तीत जास्त किती? गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकं. आणि तबकडी स्वतः फिरते म्हणून तिच्या काठाला जे त्वरण सोसावं लागतं, ते गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २,७०० पट.

हाच हिशेब आणखी सोप्या वाटेने मांडता येतो, आणि मला तो जास्त आवडतो. अशी डिस्क दिवसभरात १ कोटी ३ लाख ६८ हजार फेऱ्या घेते. तिचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर असेल, तर पृथ्वीमुळे त्यांत दिवसाकाठी एका फेरीची भर पडते, किंवा डिस्क उलट दिशेने फिरत असेल तर एक फेरी कमी होते. बस्स. या एका फेरीमुळे तबकडीतला ताण पन्नास लाखांत एक भाग वाढतो किंवा घटतो. शिवाय हा ताण आसाभोवती सगळ्या बाजूंना सारखाच असतो, त्यामुळे बेअरिंगपर्यंत काही पोचतच नाही. गोलार्ध बदलला की कोरिऑलिसची दिशा बदलते हे खरं आहे. पण आडव्या ठेवलेल्या डिस्कमध्ये त्या बदलाचा अर्थ इतकाच, की जास्तीत जास्त एका फेरीची भर असेल तिथे तेवढीच घट होते.

बेसिनमधलं पाणी गोलार्धानुसार उलटसुलट फिरतं, ही समजूत इथूनच डिस्कपर्यंत आलेली दिसते. पाण्यावर हा परिणाम खरोखर दाखवता येतो, पण त्यासाठी १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या अॅशर शापिरो यांना जवळजवळ दोन मीटर व्यासाची टाकी घेऊन, पाणी २४ तास निश्चल ठेवून, ते अत्यंत सावकाश सोडावं लागलं होतं. जी हालचाल पुरी व्हायला दिवसाच्या मानाने बराच वेळ लागतो, तिच्यावरच कोरिऑलिसची छाप पडते. चक्रीवादळाला दिवस लागतात म्हणून ते वळतं. डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत संपते.

आता जायरोस्कोप, म्हणजे कुठेही वळू शकेल अशा मोकळ्या चौकटीत वेगाने फिरणारं चाक, आणि खरी गंमत इथे आहे. वेगाने फिरणारी वस्तू आपल्या आसाची दिशा सोडायला तयार नसते. चालू असलेली एक्स्टर्नल डिस्क हातात धरून तिरकी केली, तर ती मनगटाला भलत्याच बाजूला ढकलते. तो हाच परिणाम. टेबलावर ठेवलेली डिस्क आपल्याला स्थिर दिसते, पण पृथ्वी तिला तासाला १५ अंशांनी वळवत असते. डिस्क मोकळी टांगलेली असती, तर तिचा आस ताऱ्यांच्या संदर्भात तसाच राहिला असता आणि आपल्याला तो हळूहळू सरकताना दिसला असता. लेऑन फूको यांनी १८५२ मध्ये जायरोस्कोप वापरून नेमकं हेच दाखवलं. पुढे १९०८ च्या सुमारास हेर्मान आन्श्युट्स-केम्फे यांनी आणि १९११ मध्ये एल्मर स्पेरी यांनी याच परिणामावर जहाजांचे जायरोकंपास उभे केले. त्यामुळे "पृथ्वीचा परिणाम शून्य" असं म्हणणं मला पटत नाही. तो परिणाम आहे, आणि त्याच्या जोरावर जहाजांना उत्तर दिशा सापडते.

हार्ड डिस्कमध्ये मात्र आस बेअरिंगने जखडलेला असतो. त्याला पृथ्वीबरोबर वळवण्यासाठी लागणारा पीळ बेअरिंगच देतं. तो पीळ किती असेल? अॅल्युमिनियमची, सव्वा मिलिमीटर जाडीची तबकडी सुमारे २२ ग्रॅमची भरते. तिच्या फिरण्यातून येणारा कोनीय संवेग (वस्तुमान, आकार आणि फिरण्याचा वेग यांवरून ठरणारा फिरण्याचा जोर) आणि पृथ्वीचा दर यांचा गुणाकार केला, तर पीळ निघतो जेमतेम दीड मायक्रोन्यूटन-मीटर. बेअरिंगचे दोन आधार एकमेकांपासून एक सेंटिमीटरवर आहेत असं धरलं, तर प्रत्येकावर सुमारे १५ मिलिग्रॅम वजनाइतका दाब येतो. तबकडीचं स्वतःचं वजन याच्या दीड हजार पट आहे, आणि ते त्याच बेअरिंगवर आहे.

इथे दिशेला खरंच अर्थ आहे. विषुववृत्तावर आडव्या ठेवलेल्या डिस्कवर हा पीळ पुरेपूर येतो, कारण तिथे डिस्कचा उभा आस पृथ्वीच्या आसाशी काटकोनात असतो. ध्रुवावर तीच डिस्क तशीच ठेवली तर पीळ शून्य होतो. डिस्क उभी करून तिचा आस पूर्व-पश्चिम ठेवला, तर पृथ्वीवर कुठेही पीळ पूर्ण असतो. म्हणजे गोलार्ध कोणता याने फरक पडत नाही. फरक पडतो तो दोन आसांमधल्या कोनाने.

मग हे दोन परिणाम वेगळे आहेत की एकच? तबकडीच्या प्रत्येक कणावरचं कोरिऑलिस बल मांडून त्यांची बेरीज केली, तर पृथ्वीच्या फिरण्याचा जो भाग डिस्कच्या आसाला समांतर आहे त्याची बेरीज शून्य येते आणि जो भाग काटकोनात आहे त्यातून बरोबर जायरोस्कोपचा पीळ बाहेर पडतो. पृथ्वीवर उभं राहून पाहिलं तर कोरिऑलिस, ताऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर जायरोस्कोप. बेअरिंगच्या दृष्टीने फक्त हा काटकोनातला भाग मोजायचा.

त्याने झीज होते का? डिस्क जागेवर आहे तोवर हा पीळ बेअरिंगवर कायम एकाच दिशेने असतो, त्यात कंपन नसतं, वाढ-घट नसते. जुन्या डिस्कमध्ये छऱ्यांची बेअरिंग असत. तिथे भाराच्या घनाच्या प्रमाणात आयुष्य घटतं, असा ढोबळ नियम आहे. भार दीड हजारात एक भाग वाढला, तर हिशेबाने आयुष्य पाव टक्क्याहूनही कमी घटेल. प्रत्यक्षात छऱ्यांवर मुद्दाम दिलेला आगाऊ दाब तबकडीच्या वजनाहून बराच जास्त असल्यामुळे ते त्याहूनही कमी. २००० नंतरच्या दशकात द्रव बेअरिंग सर्रास आली. त्यांत फिरताना धातूला धातू लागतच नाही, मध्ये तेलाचा काही मायक्रॉनचा थर असतो. १५ मिलिग्रॅमच्या भाराने आस त्या थरात नगण्य सरकेल आणि तिथेच राहील. अशा बेअरिंगमध्ये धातूचा स्पर्श होतो तो मुख्यतः सुरू होताना आणि थांबताना.

जायरोस्कोपचा परिणाम खरा जाणवतो तो पृथ्वीमुळे नाही, हातामुळे. चालू डिस्क अर्ध्या सेकंदात ९० अंश तिरकी केली, तर वळण्याचा दर पृथ्वीच्या दरापेक्षा सुमारे ४३ हजार पट होतो. १५ मिलिग्रॅमच्या जागी प्रत्येक आधारावर साडेसहाशे ग्रॅम वजनाइतका जोर येतो, तोही २२ ग्रॅमच्या तबकडीमुळे. लॅपटॉपमधली अडीच इंची तबकडी हलकी आणि लहान असल्याने तिथे हा आकडा बराच कमी असतो, पण प्रमाण तेच. या झटक्यात तबकडी किंचित लवते आणि तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगणाऱ्या, माहिती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडला ते अंतर सांभाळायचं असतं. टेबलावरच सपाट ठेवून डिस्क गोल फिरवली तर हा पीळ येत नाही, कारण आसाची दिशा बदलत नाही. म्हणून एक्स्टर्नल डिस्क संगणकापासून सोडवली की तबकडी थांबेपर्यंत थोडं थांबून मगच उचलावी. हा सल्ला मी पूर्ण गांभीर्याने देतो. डिस्क उभी की आडवी, याची काळजी करू नये. बहुतेक उत्पादक दोन्ही चालतं असं सांगतात. ती हलणार नाही एवढं पाहावं.

गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये स्वतःकडच्या १ लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापमानाचा आणि बिघाडाचा संबंध त्यांना अपेक्षेपेक्षा क्षीण आढळला. याउलट पहिली स्कॅन एरर, म्हणजे डिस्क स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक, दिसल्यानंतर ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता ३९ पट वाढलेली दिसली. ज्याला डिस्कच्या आयुष्याची चिंता आहे त्याने होकायंत्र बाजूला ठेवून स्मार्ट अहवालातल्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी माहिती ठेवते तिच्यातल्या, अशा नोंदी पाहाव्यात आणि पहिली एरर दिसताच बॅकअप घ्यावा.

ठिकाणाचा परिणाम डिस्कवर होतच नाही असं मात्र नाही. तो अक्षांशाचा नसून उंचीचा आहे. हेड तरंगतं ते तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या आधारावर, आणि साध्या डिस्कच्या आत बाहेरचीच हवा गाळणीतून येत असते. उंचावर हवा विरळ झाली की हेड खाली येतं आणि तबकडीला घासण्याचा धोका वाढतो. म्हणून बऱ्याच डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्यासाठी ३,०४८ मीटर, म्हणजे १०,००० फूट उंचीची मर्यादा छापलेली असते. २०१३ पासून बाजारात आलेल्या हेलियम भरलेल्या डिस्क पूर्ण सीलबंद असतात, त्यामुळे त्यांच्या आतला वायू बाहेरच्या उंचीबरोबर विरळ होत नाही.